सांभाळणाऱ्यांचा विसावा

दिव्यांग व्यक्तीला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाला ठरावीक काळापुरती त्या जबाबदारीतून मोकळीक मिळावी आणि तेवढ्या काळात त्या व्यक्तीची देखभाल जाणत्या, विश्वासू माणसांनी करावी, अशा व्यवस्थेला समाजकार्याच्या परिभाषेत रेस्पाइट केअर म्हणतात. या प्रकरणात तिला विसावा-सेवा म्हटले आहे. तिचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात सेवक घरी येऊन दोन-चार तास बसतो, दुसऱ्यात दिव्यांग व्यक्ती सकाळी दिवसकेंद्रात जाऊन संध्याकाळी घरी परतते, आणि तिसऱ्यात ती काही दिवस किंवा काही आठवडे निवासी केंद्रात राहते. घरात अचानक मृत्यू, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया उद्भवल्यास लागणारा तातडीचा निवास हा तिसऱ्या प्रकाराचाच भाग होय. या तिन्ही प्रकारांत व्यक्ती घरचीच राहते आणि घरीच परत येते. कायमच्या निवासी संस्थेपासून विसावा-सेवा वेगळी ठरते ती याच अटीमुळे.

अशा सेवेची गरज किती खोल आहे हे कळण्यासाठी देखभाल या कामाचा तपशील पाहणे आवश्यक आहे, कारण 'घरी आई बघते' या तीन शब्दांत तो सगळा झाकला जातो. कंबरेखाली संवेदना नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तसे न केल्यास माकडहाड, टाचा आणि खुबे येथे रक्तपुरवठा अडून शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, तयार होतात आणि त्या भरून यायला महिने लागतात. रात्रीही हा क्रम चालू असल्यामुळे सांभाळणाऱ्याची सलग झोप वर्षानुवर्षे होत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला जन्माच्या आगेमागे झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणे, असलेल्या मुलाला पेज भरवायची तर त्याला शक्य तितके ताठ बसवून, मान मागे कलंडू न देता, छोटा घास देऊन तो गिळल्याची खात्री करून मगच पुढचा घास द्यावा लागतो. घाई झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. निरोगी माणूस दहा मिनिटांत जेवतो तेथे या मुलाच्या एका जेवणाला पाऊण-एक तास सहज जातो, आणि दिवसातून अशी तीन-चार जेवणे असतात. मूल लहान असते तोवर आई त्याला कडेवर घेऊन न्हाणीघरात नेते. तेच मूल पंचवीस वर्षांचे होते तेव्हा आई पन्नाशी ओलांडून गेलेली असते, तिची कंबर आणि गुडघे दुखत असतात, पण उचलण्याचे काम तसेच राहिलेले असते.

रोजचे कष्ट आणि त्यासोबत येणारे एकटेपण यांचा मिळून सांभाळणाऱ्याच्या शरीरावर व मनावर जो परिणाम होतो त्याला देखभालीचा भार म्हणतात. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली तो मोजण्यासाठी तयार केलेली प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, आपली प्रकृती यामुळे बिघडली असे वाटते का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, अशा तिच्या प्रश्नांचे स्वरूप आहे. मराठी घरांत हीच गोष्ट 'अडकून पडलोय', 'पाय बांधलेले आहेत', 'माझ्यामागे याचं कोण' अशा शब्दांत बोलली जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2018 मधील 76 व्या फेरीत भारतातील सुमारे 62 टक्के दिव्यांग व्यक्तींना सांभाळणारे कोणीतरी उपलब्ध असल्याचे आढळले. या आकड्याकडे सहसा समाधानाने पाहिले जाते. परंतु तो उलट बाजूने वाचला, तर जवळजवळ तेवढ्याच सांभाळणाऱ्यांची रजेची सोय काय, हा प्रश्न उभा राहतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार होण्यामागे लोकसंख्येचे गणित आहे. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, आणि 2011 च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. राज्यातील ते सर्वांत मोठे प्रमाण होते. मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू झालेला चाकरमान्यांचा ओघ गिरण्या बंद पडल्यावरही थांबला नाही, कारण शिक्षण झालेल्या तरुणांना गावात काम नाही. परिणामी मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊही तालुक्यांत असंख्य घरांमध्ये वयस्क सासू, पन्नाशीची सून आणि त्यांच्यापैकी एकीच्या पदरात असलेला दिव्यांग मुलगा, नवरा किंवा दीर एवढीच माणसे राहतात. पैसे मुंबईहून येतात. उचलायला, कूस बदलायला आणि रात्री उठायला लागणारे हात येत नाहीत. त्यातच कोकणातील गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, आणि रस्त्यापासून घरापर्यंत उतरणारी दगडी पाखाडी. ज्या पाखाडीवरून धडधाकट माणूस पावसाळ्यात जपून पाय टाकतो, तिच्यावरून चाकाची खुर्ची नेता येत नाही; त्यामुळे दिव्यांग व्यक्ती पडवीतून बाहेर पडत नाही आणि तिच्याबरोबर तिला सांभाळणारीही घरातच राहते.

जुन्या व्यवस्थेत विसावा नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. एकत्र कुटुंबात जावा-जावांमध्ये कामाची पाळी लागत असे, शेजारची काकू तासभर येऊन बसत असे, आणि गणपतीत किंवा शिमग्याला मुंबईकर मंडळी आली की घरातल्या बाईला माहेरी चार दिवस जाऊन येता येई. ही व्यवस्था कोणी मोडली नाही, ती माणसांच्या अभावी विरत गेली. शिवाय तिच्यात एक मूलभूत उणीव होती: ती उपकारावर चालत असे, आणि उपकार वारंवार मागता येत नाहीत. आज चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक असतो, म्हणजे विसाव्याऐवजी कामच वाढते. खरी गरज भासते ती वर्षाच्या वेगळ्याच दिवसांत. जून-जुलैमध्ये भातलावणीला पाऊस पडला की त्याच दिवशी चिखलात उतरावे लागते आणि लावणी उद्यावर टाकता येत नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवण्या-भरण्याच्या कामावर अनेक घरांचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो. या दोन्ही काळांत झटके येणाऱ्या मुलाला घरात कोंडून किंवा अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून शेतावर जाण्याखेरीज काही बायकांसमोर दुसरा मार्ग नसतो. अशा कोंडण्याला क्रौर्य म्हणणे सोपे आहे; ते सेवेच्या अभावाचे फळ आहे हे ओळखणे अधिक न्याय्य ठरेल.

जिल्ह्यात आज प्रत्यक्ष मिळणारा सर्वांत मोठा विसावा त्या नावाने ओळखला जात नाही, तो विशेष शाळेच्या रूपाने मिळतो. रत्नागिरी शहरात आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते आणि तिच्याच शामराव भिडे कार्यशाळेत मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना व्यवसायाचे शिक्षण मिळते. अशा शाळांचा हेतू शिक्षण व स्वावलंबन हा असला आणि तोच असला पाहिजे, तरी मूल शाळेत असते तेवढ्या पाच-सहा तासांत आईला बाजार करता येतो, दवाखान्यात स्वतःचा रक्तदाब दाखवता येतो, चार पैसे मिळवता येतात. या दुहेरी उपयोगाची नोंद शासनाच्या हिशेबात होत नाही, आणि म्हणूनच मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत, शाळा बंद झाल्या की त्या कुटुंबांचे काय होते याचा विचार कोणाच्याही नियोजनात नसतो. वयाच्या अठराव्या वर्षी शाळा संपते तेव्हा तर हा आधार एकदम तुटतो. कार्यशाळा प्रत्येक तालुक्यात नाही, आणि जेथे आहे तेथे रोज गावाहून पोहोचणे एसटीच्या वेळांवर अवलंबून असते. अठरा वर्षांचा तरुण शरीराने थोराड झालेला, त्याची दिनचर्या अचानक रिकामी झालेली आणि आईवडील उताराला लागलेले, असा हा काळ कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड टप्पा असतो. नेमक्या त्याच टप्प्यावर सेवा संपते.

कायद्याच्या पातळीवर परिस्थिती वाटते तितकी रिकामी नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये स्वीकारला असून त्याच्या 28 व्या अनुच्छेदात गरिबीत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबांना प्रशिक्षण, समुपदेशन, अर्थसाहाय्य आणि विसावा-सेवा यांसाठी राज्याची मदत मिळावी असे स्पष्ट नमूद आहे. या करारानुसार केलेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, सांभाळणाऱ्याची व्याख्या करताना मोबदला घेणारे व न घेणारे, आईवडील व इतर नातेवाईक अशा सर्वांना तीत घेतले, आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी 24 व्या कलमात सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख केला. त्याआधी 1999 मध्येच आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची स्थापना झाली होती. न्यासाच्या 'समर्थ' योजनेत अल्पमुदतीच्या निवासाची, म्हणजे प्रत्यक्ष विसावा-सेवेची, तरतूद आहे. 'विकास' योजना मोठ्या मुलांच्या दिवसकेंद्रासाठी, 'सहयोगी' योजना सेवकांच्या प्रशिक्षणासाठी, आणि 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्यासाठी आहे. न्यासाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. म्हणजे जिल्ह्यातील अशा कुटुंबांची माहिती ज्या टेबलावर येते ते टेबल अस्तित्वात आहे. मात्र तेथे येणारे अर्ज पालकत्वापुरते राहतात, आणि त्या कुटुंबाला वर्षातून किती दिवस मोकळीक मिळते हे विचारण्याचा रकाना त्यांत नाही.

तरतुदी असूनही सेवा गावापर्यंत पोहोचत नाही, कारण या योजना नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. ज्या तालुक्यात संस्था नाही तेथे योजनाही नाही, आणि संस्था शहरात निघतात. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक साहाय्यही 2025 मध्ये 2500 रुपयांवर नेण्यात आले. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु अनुदानातून डायपर आणि औषधे येतात, उसंत येत नाही, कारण जी सेवा परिसरात अस्तित्वातच नाही ती पैसे देऊनही विकत घेता येत नाही.

मानसिक आजाराने दिव्यांगत्व आलेल्यांची कुटुंबे याहून एकाकी असतात, कारण राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांत मानसिक आजार मोडत नाही. रत्नागिरीत राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे (इतर तीन ठाणे, पुणे आणि नागपूर येथे) आणि एकोणिसाव्या शतकापासून कोकणातील कुटुंबांचा तोच आधार राहिला आहे. दमलेल्या कुटुंबाला चार दिवस थांबण्यासाठी दुसरी जागाच नसल्यामुळे रुग्णालयाकडे उपचारासोबत विसाव्याच्या अपेक्षेनेही पाहिले जाते, आणि ती अपेक्षा रुग्णालयाने पुरी करावी असे म्हणणे चुकीचे आहे. उपचाराची खाट अडवून विसावा देणे रुग्णाच्याही हिताचे नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या 18 व्या कलमात अर्धविराम-गृहे, म्हणजे रुग्णालय व घर यांच्यामधला निवास, आणि कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा शासनाने पुरवाव्यात असे म्हटले आहे, ते याच कारणाने. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांसाठी दिवसकेंद्र आणि नातेवाइकांसाठी स्वमदत गट चालवून या कामाची दिशा दाखवली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या 'देवराई' चित्रपटामागेही याच कामाची प्रेरणा होती. स्किझोफ्रेनिया झालेला कोकणातील तरुण आणि त्याला सांभाळताना स्वतःचा संसार ओढणारी त्याची बहीण, अशा दोघांनाही त्या कथेत सारखीच जागा मिळाली, हे मराठी चित्रपटात विरळा घडलेले आहे.

पालकांनी स्वतः उभारलेल्या व्यवस्थांपैकी डोंबिवलीजवळच्या खोणी गावातील 'घरकुल' हे ठळक उदाहरण आहे. अमेय पालक संघटनेने चालवलेले हे निवासस्थान बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आहे, आणि 'आमच्यामागे याचं कोण' या प्रश्नाला पालकांनी एकत्र येऊन दिलेले ते उत्तर आहे. कायमचा निवास आणि विसावा-सेवा यांची गल्लत मात्र करू नये. वेळेवर विसावा मिळालेले कुटुंब आपल्या माणसाला अधिक वर्षे घरी ठेवू शकते. तो न मिळालेले कुटुंब एक दिवस पूर्ण कोसळते, आणि मग घाईघाईत, मिळेल त्या संस्थेत, दूर कुठेतरी कायमची भरती होते. विसावा हा ऐषआराम मानून तो मागे ठेवणाऱ्या शासनाला अखेर अधिक खर्चाची आणि अधिक दुःखाची वाट चालावी लागते.

ज्या देशांनी हे ओळखले त्यांनी विसाव्याचे दिवस कायद्यात लिहून ठेवले. जर्मनीत 1995 पासून देखभाल-विमा सक्तीचा असून नेहमीचा सांभाळणारा आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला तर बदली माणसाचा खर्च विमा देतो. जुलै 2025 पासून ही बदली देखभाल आणि अल्पमुदतीचा निवास मिळून वर्षाला 3539 युरोपर्यंतची एकत्र रक्कम कुटुंबाला हवी तशी वापरता येते. इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांना छोटे विसावे मिळण्याची सोय करणे 2011 पासून स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. भारतात केरळने 2010 मध्ये सुरू केलेल्या 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना दरमहा 600 रुपये दिले जातात. रक्कम अगदी लहान आहे. तरी ती सांभाळणाऱ्याच्या नावे दिली जाते, आणि घरातील हे काम म्हणजे काम आहे अशी सरकारी नोंद त्यातून होते.

सेवा उपलब्ध झाली तरी कुटुंबे ती घेतील का, ही शंका रास्त आहे. परक्याच्या हाती मूल दिले तर त्याला मारहाण होईल, लैंगिक अत्याचार होईल, नीट भरवले जाणार नाही ही भीती निराधार नसते, आणि मुलगी असेल तर ती अधिकच असते. त्यात 'पोटच्या पोराचा कंटाळा आला का' हा भावकीतील टोमणा. म्हणून चांगल्या विसावा-सेवेची सुरुवात निवासापासून होत नाही. ओळखीची बाई आधी आईच्या समक्ष तासभर बसते, मग आई अंगणात असताना बसते, आणि काही आठवड्यांनी आई गावातल्या लग्नाला जाऊन येते. या काळात एक वही तयार करावी लागते. मुलाला कोणत्या कुशीवर झोप लागते, झटका येण्यापूर्वी तो कसा दचकतो, झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला तर कोणाला फोन करायचा, नको असेल तेव्हा तो मान कोणत्या बाजूला वळवतो, भात किती मऊ लागतो, कोणते औषध रात्री किती वाजता, असे सारे तीत लिहिले जाते. आईच्या डोक्यात वीस वर्षे साठलेले हे ज्ञान कागदावर उतरले की तिच्यामागे याचे कसे होणार, या प्रश्नाचेही थोडे उत्तर मिळालेले असते.

दिव्यांग व्यक्तीची स्वतःची बाजूही येथे विसरता कामा नये. दिव्यांगांच्या चळवळीने 'भार' या शब्दावर आक्षेप घेतला आहे आणि तो योग्य आहे, कारण भार माणसाचा नसून एकाच व्यक्तीच्या खांद्यावर टाकलेल्या व्यवस्थेचा असतो. विसाव्याचे दिवस त्या व्यक्तीलाही हवेसे वाटले पाहिजेत: आईखेरीज दुसऱ्या कोणाशी बोलणे, समवयस्कांबरोबर जेवणे, समुद्रावर जाऊन येणे. रत्नागिरीत समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्या वाळूत कधी पाय न बुडवलेली दिव्यांग माणसे वाड्यावाड्यांत आहेत. ज्या केंद्रात केवळ खाटा मांडून माणसे ठेवली जातात ते विसावा-केंद्र नव्हे, आणि तेथे जायचे की नाही हे ठरवण्यात त्या व्यक्तीचे मत, ती बोलू शकत नसली तरी तिच्या खुणांतून, विचारात घेतलेच पाहिजे.

या जिल्ह्याला मोठ्या इमारतीची गरज नाही. तालुक्याच्या गावी चार-सहा खाटांची घरगुती सोय, मे महिन्यात विशेष शाळांच्या वर्गखोल्यांत चालणारे दिवसकेंद्र, आणि वाडीतच राहणाऱ्या, 'उमेद' अभियानातील बचत गटांमधून निवडून प्रशिक्षण दिलेल्या, तासावर मोबदला घेणाऱ्या स्त्रिया एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मोबदला द्यावाच लागेल. शेजारधर्मावर विसंबलेली योजना लावणीच्या पहिल्याच पावसात बंद पडेल, कारण शेजारणीचेही शेत तेव्हाच लावायचे असते. पैशाचा एक स्रोत गावातच आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, आणि ती सहसा साधने किंवा रोख साहाय्याच्या रूपाने वर्षाअखेरीस वाटली जाते. एका छोट्या ग्रामपंचायतीचा निधी अपुरा पडेल, पण शेजारच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी तो एकत्र केला आणि जिल्हा परिषदेने त्यात भर घातली, तर निदान लावणीच्या महिन्यापुरत्या दोन-तीन सेविका नेमता येतील. ज्या वाचकांच्या गावात असे एक जरी घर असेल त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा, आणि ठरावात तासांची संख्या व मोबदल्याची रक्कम दोन्ही नमूद करून घ्यावीत.